आजोबांचा कागद आणि परदेशी पासपोर्ट: नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सासरे मूळचे मडगावचे. रेल्वेत लागले, बदलीवर नागपूरला आले आणि अजनीच्या क्वार्टरमधूनच निवृत्त झाले. त्यांच्या तेरवीनंतर लोखंडी पेटी उपसली, तेव्हा तळाशी, एलआयसीच्या संपलेल्या पॉलिसींखाली, चार घड्यांचा एक पिवळा कागद निघाला. भाषा पोर्तुगीज, शिक्का जांभळा, साल १९३८. मेहुण्याने तो उजेडात धरला आणि मला विचारलं, "भाऊजी, याच्यावर आपलं ड्युअल होते म्हणतात ना?"

या एका प्रश्नात आमची जवळजवळ तीन वर्षं गेली. मेहुण्याने शेवटी पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला, बायकोने घेतला नाही. दोघांचे कागद एकच होते, बरं का. मधल्या काळात कामठीच्या एका मित्राच्या आयरिश आजोबांचं प्रकरणही माझ्याच टेबलावर येऊन पडलं. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक "तुम्ही ते वंशावळीवरून पासपोर्टचं करता का?" विचारत येतात. मी करत नाही. पण कोणत्या क्रमाने जायचं आणि पैसे कुठे वाया जातात, एवढं एकदा लिहून टाकतो.

आधी ठरवा, मग पेटी उघडा

"ड्युअल" हा शब्द डोक्यातून काढून टाका. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ यातलं कलम ९ सांगतं की देशीयकरणाने, नोंदणीने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलं, की भारताचं नागरिकत्व संपतं. आपोआप संपतं. नोटीस येत नाही, सुनावणी होत नाही. आणि नियमांत असंही आहे की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला, तर तोच त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. "मी वापरलाच नाही, कपाटात ठेवला होता" याला तिथे अर्थ नाही.

यातला "नोंदणीने" हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. आयर्लंडकडे येऊ तेव्हा लागेल.

मग लोक ज्याला ड्युअल म्हणतात ते काय? ते ओसीआय, म्हणजे "ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया" कार्ड. नावात "सिटिझन" आहे म्हणून फसायला होतं. प्रत्यक्षात तो मूळच्या भारतीयांना दिलेला आजन्म व्हिसा आहे, वर काही सवलती. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पदं नाहीत, सरकारी नोकरी साधारणपणे नाही. हे सगळं वाचून लोक खांदे उडवतात: आम्हाला कुठे आमदार व्हायचंय. नागपूरच्या माणसाला खरे चटके बसतात ते पुढच्या दोन ठिकाणी.

पहिलं, शेती. ओसीआयधारकाला घर, फ्लॅट, दुकान घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस, मळे विकत घेता येत नाहीत. बक्षीसपत्राने घेता येत नाहीत. वारसाने आली तर ठेवता येते. आमची काटोलकडे संत्र्याची थोडी बाग आहे आणि बाबांच्या मनात होतं की अर्धी सुनेच्या नावाने बक्षीसपत्र करून द्यावी. एका संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर एकीकडे सातबारा आणि दुसरीकडे लिस्बनला पाठवायचा अर्ज असे शेजारी-शेजारी ठेवले. बायकोने दहा मिनिटं दोन्ही पाहिले, अर्ज घडी करून पाकिटात घातला आणि म्हणाली, "दादाला जाऊ दे. मला बाग पुरे."

दुसरं, मुलांचं मेडिकल-इंजिनिअरिंग. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट-जेईईसारख्या परीक्षांतून मिळणाऱ्या प्रवेशात अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरतात. फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर त्यांना हक्क सांगता येत नाही. त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, पण आज नव्याने जाणाऱ्याला तो लागू नाही. पोराचा डोळा इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजवर असेल, तर त्याचा पासपोर्ट बदलण्याची घाई त्याच्या बारावीआधी करू नका.

हे सगळं पाहूनही "हो" वाटत असेल तर पुढे वाचा. युरोपात राहायचं-कामाचं मोकळं दार, तिथल्या देशांत फिरायला व्हिसा नको, मुलांना तिथे शिकायची सोय, हे फायदे खरे आहेत. मेहुणा एकटा, बागबिग नाही, हातात वेल्डिंगचं चांगलं काम. त्याच्यासाठी हिशेब सरळ होता.

नागपूरच्या घरांत कोणती दारं निघतात

रक्तात कोण होतं याला महत्त्व नाही, कागदावर कोण कुठे जन्मलं याला आहे. नागपूर-कामठीकडे माझ्या पाहण्यात तीनच दारं आली.

गोवा, दमण, दीव. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला नागरिक मानतो. १९८१ चा त्यांचा नागरिकत्व कायदा आजही पाया आहे. भारताने १९६२ मध्ये आदेश काढून या लोकांना भारतीय नागरिक केलं, पण पोर्तुगालने आपल्या वहीतून नावं खोडली नाहीत. त्यामुळे ती व्यक्ती आणि तिची मुलं यांचा रस्ता बराच सरळ आहे. नातवंडांचा नाही: त्यांना पोर्तुगालशी नातं आणि भाषेचं ज्ञान दाखवावं लागतं, आणि त्यांचे नियम गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदललेत. म्हणून आई किंवा वडील हयात असतील, तर आधी त्यांचं करा. ख्रिस्ती असायला हवं, हा गैरसमज. सासरे हिंदू होते. गोव्यात १९१४ पासून सगळ्यांचे जन्म नागरी वहीत नोंदले जात.

आयर्लंड. आजोबा-आजीपैकी एकाचा जन्म आयर्लंडच्या बेटावर झालेला असेल, उत्तर आयर्लंडसकट, तर नातवाला "फॉरेन बर्थ्स रजिस्टर"मध्ये नाव नोंदवून आयरिश नागरिक होता येतं. पणजोबांवरून जमत नाही; अपवाद एकच, तुमच्या जन्मापूर्वी तुमच्या आई किंवा वडिलांनी स्वतःचं नाव त्या रजिस्टरात घातलेलं असेल तर.

ब्रिटन. इथे आजोबांवरून नागरिकत्व मिळत नाही. मिळतो तो यूके अँसेस्ट्री व्हिसा: राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, वय १७ किंवा जास्त, आजोबा-आजीपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये, काम करायची क्षमता आणि इरादा. पाच वर्षांचा व्हिसा, नंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणजे आपण बसतो. आणि कायम वास्तव्यापर्यंत भारतीय पासपोर्ट शाबूत राहतो. माझ्या मते हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि बऱ्याच घरांसाठी सगळ्यांत शहाणा रस्ता आहे.

बाकी देशांचं ऐकीव धरून बसू नका. इटलीत कितीही पिढ्या मागे जाता येई. मार्च २०२५ मध्ये त्यांनी एका वटहुकुमाने ते साधारण आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आखडलं. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून अर्ज भरणारे तिथेच अडकले.

कामठीचा कागद

कामठीची छावणी १८२१ ची. गोरा बाजार हे नाव अजून तोंडात आहे. पुढे रेल्वे आली, बंगाल-नागपूर रेल्वेत ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून अँग्लो-इंडियन कुटुंबं स्थिरावली. या घरांत "आमचे पूर्वज आयरिश पलटणीतले" हे वाक्य हमखास असतं. खरंही असतं. पण उपयोगी असेलच असं नाही.

माझा कामठीचा मित्र वडिलांकडच्या पणजोबांचं पदक घेऊन आला होता. आम्ही चर्चमधून त्याच्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा उतारा काढला. सुंदर वळणदार अक्षर, पाद्रीची सही, साक्षीदारांची नावं आणि जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द: कामठी. पणजोबा आयर्लंडचे, पण आजोबा इथले. दार बंद. पलटणीतल्या माणसांची मुलं बराकीतच जन्मत, त्यामुळे असे उतारे इथे ढिगाने निघतील. पदक परत मखमलीत गेलं.

मग त्याने सहज सांगितलं की आईचे वडील वेगळे होते, ते तरुणपणी शिपाई म्हणून आले आणि रेल्वेत राहून गेले. जन्म कॉर्क, १९१०. हे त्याने चहा संपल्यावर सांगितलं! लोक वडिलांकडचीच वंशावळ घेऊन येतात, आपली सवय तशी. परदेशी कायदा आईचे आई-बाप तितकेच मोजतो. चारही आजी-आजोबांची नावं, जन्मगाव आणि साल एका कागदावर लिहूनच सुरुवात करा.

कॉर्कचा दाखला मिळवणं काटोलचा फेरफार काढण्यापेक्षा सोपं गेलं. आयर्लंडमध्ये सगळ्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून आहे आणि शंभर वर्षांहून जुन्या नोंदींची छायाचित्रं "आयरिश जीनिऑलॉजी" या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. १९२२ च्या आगीत डब्लिनच्या अभिलेखागारातली जनगणना आणि चर्चच्या कितीतरी वह्या जळाल्या, पण या नोंदी वाचल्या. इंग्लंड-वेल्सची नोंद १८३७ पासून, स्कॉटलंडची १८५५ पासून. रितसर प्रत पैसे भरून टपालाने येते.

भारतात झालेले गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. तिथल्या वह्या बंगाल, मद्रास, मुंबई अशा लावलेल्या. नागपूरचा माणूस आधी मुंबईत शोधतो आणि हात हलवत परततो. कामठीला मद्रास लष्कराच्या पलटणी असत. आधी मद्रासचे खंड पाहा.

कागदांची साखळी, स्वतःपासून वर

प्रत्येक कडीला तीन कागद: जन्म, लग्न, आणि माणूस गेला असेल तर मृत्यू. आधी स्वतःचा जन्मदाखला, मग आई-वडिलांचं लग्न, मग त्यांचे जन्म, मग आजोबा-आजी. बहुतेक जण आजोबांपासून सुरू करतात आणि स्वतःच्याच दाखल्यावर अडतात.

का अडतात? महापालिकेकडून काढलेल्या जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं. "मुलगी", वडिलांचं नाव, तारीख, एवढंच. तेव्हा बारशाआधी नोंद होई आणि नंतर कोणी फिरकत नसे. नाव आधी चढवून घ्या. नोंदच नसेल, तर एक वर्षाहून जुन्या जन्मासाठी जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीआधी हे न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतं, त्यामुळे जुने लोक अजून कोर्टाकडे बोट दाखवतात. पोर्तुगालचा अर्ज असेल तर इथे एक काटा आहे. त्यांचा कायदा विचारतो, मूल अठराचं होण्यापूर्वी आई-बापाशी त्याचं नातं नोंदीवर आलं होतं का? चाळिशीत काढलेला उशिराचा दाखला त्यांना संशयास्पद वाटतो. मग शाळेचं दप्तर कामी येतं.

शाळेचं म्हणजे टीसीची लॅमिनेट केलेली प्रत नव्हे. दाखल खारीज रजिस्टरचा मुख्याध्यापकाच्या सहीचा उतारा मागा. त्यात प्रवेशाची तारीख, वडिलांचं नाव, जन्मगाव असतं, आणि तो त्या काळातच लिहिलेला असतो, हे महत्त्वाचं. खेड्यातल्या पिढीसाठी तहसीलच्या अभिलेखातली कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची, नक्कल. जात पडताळणीसाठी विदर्भात सगळे तीच काढतात, त्यामुळे बाबूला काय हवं ते समजावून सांगावं लागत नाही. फक्त त्यातही बहुधा "फलाण्यास मुलगा झाला" एवढंच असतं. मुख्य पुरावा म्हणून नव्हे, आधार म्हणून जोडा.

राज्याच्या रकान्यात गोंधळू नका. नागपूर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० नंतर मध्य प्रदेशात आणि त्याची राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दाखल्यावर जे छापलंय तेच अर्जात उतरवा आणि सोबत दोन ओळींची टीप द्या. मेहुण्याच्या मावशीने १९५४ च्या जन्मापुढे "महाराष्ट्र" लिहिलं आणि दोन महिन्यांनी खुलासा मागवणारं पत्र आलं.

आई-वडिलांचं लग्न नोंदलेलंच नसेल तर घाबरू नका. दोघं हयात असतील तर महापालिकेच्या झोन कार्यालयात उशिराने नोंदवता येतं. ख्रिस्ती लग्नाचा उतारा चर्चमधून. संक्षिप्त नको, वहीतला पूर्ण उतारा मागा.

गोव्याचे कागद त्या-त्या तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात, जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात. मडगावला जाताना पेटीतला मूळ कागद नेऊ नका, त्याचा फोटो न्या. त्यावर वहीचा आणि नोंदीचा क्रमांक असतो. तेवढ्यावर कारकून दहा मिनिटांत पान काढतो. क्रमांकाशिवाय गेलेला माणूस आठवडाभर शहाळी पितो.

नावं: खरं डोकं इथे लागतं

पोर्तुगीज लिपीकाराने कोकणी नावं आपल्या कानाने लिहिली. "श"साठी एक्स हे अक्षर, "के"साठी क्यू आणि यू. शंकरचं "शेंकोरा" होतं, केशवचं "केशोवा", कामतचं "कामोतिम", परबचं "पोरोबो". सासऱ्यांच्या जन्मनोंदीत आडनाव एक, रेल्वेच्या सर्व्हिस बुकात दुसरं, पेन्शनच्या पासबुकात तिसरंच, कारण बँकेतल्या पोराने एक अक्षर खाल्लं होतं. तिन्ही माणसं एकच आहेत हे आपल्याला दिसतं, लिस्बनच्या टेबलावर दिसत नाही.

त्यात आपल्या बायकांची नावं. सासूबाई जन्माने शांता. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं सुनंदा. जन्मदाखला शांताचा, रेशनकार्ड सुनंदाचं, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. म्हणजे तीनपैकी एकही शब्द जुळेना. आमच्या वकिलाने पोर्तुगालहून विचारलं, या बाई दोन आहेत का? घरात सगळे हसलो, पण उत्तर द्यायला चार महिने लागले. लग्नाच्या नोंदीत माहेरचं नाव आणि आई-वडील लिहिलेले होते, सासूबाई हयात होत्या, त्यांनी राजपत्रात नावबदल छापून घेतला, वर प्रतिज्ञापत्र केलं. तेव्हा कुठे जुळलं.

यावरून क्रम सांगतो. सगळे कागद जमले की एक तक्ता करा: उभ्या बाजूला माणसं, आडव्या बाजूला कागद, प्रत्येक घरात नाव अक्षरशः जसं छापलंय तसं. जिथे अक्षर बदलतं तिथे लाल खूण. मग एकेक खूण मिटवा. जी चूक मूळ नोंदीत दुरुस्त होते ती तिथेच करा. "एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र हा शेवटचा उपाय. नोटरीचा लाल शिक्का आपल्याकडे जितका चालतो तितका तिकडे चालत नाही.

अपोस्टिल, भाषांतर, एजंट

भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. म्हणजे आपला दाखला दुसऱ्या सदस्य देशात खरा मानला जावा यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं एक छापील चिकटपत्र मागे लागतं. त्याआधी राज्य पातळीवर साक्षांकन. जन्म-लग्नाचे कागद आणि शिक्षणाचे कागद वेगळ्या खात्यांकडे जातात. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये, बाकी संस्थेचा सेवाखर्च. कोणी एका कागदाचे हजारोंनी सांगत असेल तर पावती फोडून मागा.

आणि कृपा करून काही लॅमिनेट करू नका! नागपूरकरांना चांगला कागद दिसला की लॅमिनेशन सुचतं. प्लास्टिकवर अपोस्टिल लागत नाही. मेहुण्याचा दहावीचा दाखला असाच गेला. दुय्यम प्रत काढावी लागली.

पोर्तुगालसाठी इंग्रजी-मराठी कागदांचं पोर्तुगीज भाषांतर लागतं. ते अपोस्टिलनंतर करा, कारण चिकटपत्राचंही भाषांतर मागतात. आम्ही उलट केलं आणि दोनदा पैसे भरले.

एजंटाबद्दल एवढंच: टपाल, रांगा, भाषांतर यासाठी माणूस ठेवायला हरकत नाही. "नोंद नसेल तर काढून देतो" म्हणणारा भेटला की उठून या. आम्हाला असा एक भेटला, चहा पाजून सांगत होता की वहीत पान बसवता येतं. बनावट कागद तिकडे सापडला तर अर्ज जातो, इकडे सापडला तर गुन्हा दाखल होतो, आणि दोन्हीकडे सही तुमची असते.

अर्ज

पोर्तुगालचा क्रम ठरलेला: आधी गोव्यात जन्मलेल्या आई किंवा वडिलांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवायचा, मग त्यांचं लग्न, मग मुलाचा जन्म. तो उतरला की नागरिक कार्ड, त्यावर पासपोर्ट. पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास आहे, दिल्लीत राजदूतावास. लिस्बनच्या वकिलामार्फतही करता येतं. पोर्तुगालच्या हिशेबाने मूल जन्मापासूनच नागरिक ठरतं. म्हणूनच नुसत्या जन्मनोंदीने भारतीयत्व जातं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद झाला. पासपोर्ट हातात आल्यावर तो वाद उरत नाही.

आयर्लंडचा अर्ज संकेतस्थळावर भरून छापायचा, ठरावीक व्यवसायातल्या साक्षीदारासमोर सही करायची आणि मूळ कागद डब्लिनला पाठवायचे. प्रौढाचं शुल्क २७८ युरो. भरण्याआधी ताजा आकडा पाहा. नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून, जन्मापासून नव्हे. आणि आता तो अधोरेखित शब्द: ही "नोंदणी" आहे. "नाव घालून ठेवतो, पासपोर्ट नंतर बघू" असा बेत करणाऱ्याचं भारतीय नागरिकत्व रजिस्टरात नाव चढलं त्या दिवशीच जातं, पासपोर्टची वाट पाहत नाही. मित्राच्या आईचं वेगळं: आयर्लंडच्या कायद्याने ती जन्मतःच नागरिक, तिने काही मागितलेलं नाही. तिने पासपोर्ट मागितला तर मात्र कलम ९ तिच्याही दारात.

मित्राने हे ऐकलं आणि आयर्लंड बाजूला ठेवून ब्रिटनचा अँसेस्ट्री व्हिसा घेतला. आजोबा कॉर्कचे, ब्रिटनचे कसे? आज जे आयर्लंड आहे तिथला जन्म ३१ मार्च १९२२ पूर्वीचा असेल तर ब्रिटन तो या व्हिसासाठी धरतं. १९१० चा जन्म बसला. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो. टीबीची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच. सगळ्यांत मोठा खड्डा आरोग्य अधिभाराचा: वर्षाला १,०३५ पौंड, पाचही वर्षांचे आधीच, म्हणजे ५,१७५ पौंड, व्हिसाशुल्क वेगळं. त्याने त्यासाठी कामठीचा प्लॉट विकला. पुढे कधी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंच, तर हा लेख त्याला पहिल्या पायरीपासून परत वाचावा लागेल.

नागरिकत्व आल्यावर, त्याच आठवड्यात

भारतीय पासपोर्ट वापरणं थांबवा. जुन्या पासपोर्टवर एक शेवटचा प्रवास करून येऊ, हा मोह दंडात आणि कधीकधी खटल्यात जातो. पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं: भारतात असाल तर पासपोर्ट कार्यालयात, बाहेर असाल तर आपल्या वकिलातीत. मतदार यादीतून नाव काढायचं. बँकेला कळवायचं.

मग ओसीआय. भारतातून अर्ज केला तर १५,००० रुपये, परदेशातून २७५ डॉलर. सरेंडर प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. गोव्यात कितीतरी जणांनी पोर्तुगीज नागरिकत्व लपवलं म्हणून त्यांचे भारतीय पासपोर्ट सरकारने रद्द केले, आणि मग सरेंडर करायला काही उरलंच नाही, त्यामुळे ओसीआयही अडलं. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशांना रद्द केल्याचा आदेश जोडायची मुभा दिली. पण त्या वाटेने जाऊ नये, वेळेवर जमा करावा.

मेहुणा खिडकीवरून परत आला तेव्हा हातात त्याचा निळा पासपोर्ट होता, रद्दचा शिक्का मारलेला. रागाने की दुःखाने कळेना, तो गाडीच्या डिकीत टाकायला निघाला. मी घेतला आणि बायकोने तो त्याच लोखंडी पेटीत, १९३८ च्या कागदावर ठेवला. उद्या लिस्बनला त्याला मूल झालं आणि त्या मुलाला ओसीआय हवं असलं, तर बाप एकेकाळी भारतीय होता याचा पुरावा म्हणून तोच लागणार आहे.